बोडोनीसारखे ठळक अक्षर सराफी पेढीसाठी वापरावे का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. घराण्याच्या सराफी पेढीसाठी नवे बोधचिन्ह, माहितीपत्रक, दागिन्यांच्या डब्या, दुकानाची पाटी आणि संकेतस्थळ करायचे आहे. डिझायनरने त्यासाठी बोडोनी घराण्यातला ठळक सेरिफ फॉन्ट सुचवला आहे. त्याच्या उभ्या रेघा खूप जाड आहेत, आडव्या रेघा अतिशय बारीक आहेत आणि अक्षरांच्या टोकांना तितक्याच बारीक सपाट पट्ट्या आहेत. हा फॉन्ट सगळीकडे चालेल का, आणि त्याच्या जोडीला मराठीसाठी काय घ्यावे, असे आपण विचारले आहे.

बोधचिन्हाला आणि मोठ्या मथळ्यांना तो शोभेल. माहितीपत्रकाच्या मजकुराला तो वापरू नये. पाटीला तो काही अटींवर चालेल, आणि मराठीचा निर्णय रोमनच्या, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या, मागून फरफटत येऊ न देता सुरुवातीलाच स्वतंत्रपणे घ्यावा. या सगळ्या उत्तरांचे मूळ एकच आहे. अशा अक्षरात नजरेत भरते ती जाड रेघ, आणि निवड करणाराही तिच्याकडे पाहूनच निवड करतो. पण छपाईत, पाटीवर किंवा पडद्यावर जाड रेघेला कधीच काही होत नाही. जे बिघडते ते बारीक रेघेचे बिघडते. म्हणून हा फॉन्ट कुठे वापरायचा हे त्याची सर्वांत बारीक रेघ त्या ठिकाणी प्रत्यक्षात किती जाडीची उतरणार आहे, यावरूनच ठरवावे लागते.

या अक्षराचा जन्मही बारीक रेघ शक्य झाल्यामुळे झाला. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातला छापील कागद खरबरीत असे आणि छपाईत शाई पसरत असे. बर्मिंगहॅमच्या जॉन बास्करव्हिल यांनी १७५७च्या सुमारास गुळगुळीत कागद, अधिक काळी शाई आणि सुधारित छपाई यांचा मेळ घातला आणि अक्षरातला जाड-बारीक फरक वाढवला. पॅरिसमध्ये फर्मँ दिदो यांनी १७८४च्या सुमारास तो टोकाला नेला. इटलीत पार्मा येथे १७६८पासून ड्यूकचा छापखाना सांभाळणारे जांबात्तिस्ता बोडोनी यांनी त्याला आज आपण ओळखतो ते भारदस्त रूप दिले. या अक्षरांमागे रुंद टोकाचा टाक राहिलेला नाही. दाब दिला की फाकणारी टोकदार निब आणि तांब्याच्या पत्र्यावर कोरणारे हत्यार यांचे वळण त्यात आहे. खाली येणारी रेघ दाबाने जाड होते, वर जाणारी आणि आडवी जाणारी रेघ बारीकच राहते. हा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण देवनागरीशी खरा झगडा इथेच होतो.

आपल्याला सुचवलेले ठळक रूप मात्र पार्म्याच्या राजदरबारातले नाही, ते लंडनच्या रस्त्यावरचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे जाहिरातींची भित्तिपत्रके वाढली आणि रॉबर्ट थॉर्नसारख्या ओतकाम करणाऱ्यांनी या अक्षरांचे उभे दंड फुगवून ‘फॅट फेस’ नावाचा प्रकार काढला. लॉटरीच्या पत्रकांवर तो सर्रास दिसे, आणि गंमत म्हणजे थॉर्न यांच्या निधनानंतर १८२०मध्ये त्यांची फाउंड्री, म्हणजे अक्षरे ओतण्याचा कारखाना, विल्यम थोरोगुड यांनी विकत घेतली ती लॉटरीत जिंकलेल्या पैशांतूनच. विसाव्या शतकात मॉरिस फुलर बेंटन यांचा अल्ट्रा बोडोनी (१९२८) आणि चॉन्सी ग्रिफिथ यांचा पोस्टर बोडोनी (१९२९) हे त्याच परंपरेतले. आजचे प्लेफेअर डिस्प्ले आणि अब्रिल फॅटफेस हे मुक्त परवान्याचे फॉन्टही या घराण्याच्या आसपासचे आहेत. म्हणजे या अक्षराला दोन स्वभाव आहेत: सडपातळ रूपात ते व्होगच्या मुखपृष्ठावरचे फॅशनचे अक्षर असते, जाड रूपात ते ओरडून बोलावणारे जाहिरातीचे अक्षर होते. सराफी पेढीला यातले नेमके काय हवे, हे डिझायनरशी आधी बोलून घ्यावे. माझे मत विचाराल तर अगदी फुगवलेल्या रूपापेक्षा एक पायरी अलीकडचे वजन (म्हणजे अक्षराचा जाडपणा) दागिन्यांना अधिक शोभते.

रचनेकडे जरा जवळून पाहू. साध्या, एकसारख्या जाडीच्या अक्षराला ठळक करायचे तर आडव्या रेघाही जाड कराव्या लागतात, आणि रोमनमधल्या छोट्या ‘ई’सारख्या अक्षरात वरची कमान, मधली आडवी रेघ आणि खालचे वळण या तिघांना उंचीत जागा देता देता आतली पोकळी बुजू लागते. बोडोनीत ही अडचणच येत नाही. आडव्या रेघा बारीकच ठेवायच्या असल्यामुळे उंची मोकळी राहते आणि सगळे वजन उभ्या दंडात, म्हणजे रुंदीत टाकता येते. त्यामुळे हे अक्षर जवळपास हवे तितके जाड करता येते. ‘ओ’ बाहेरून भरदार गोल होतो आणि आत एक उभी फट उरते. मात्र जाड रूप करताना दंड फुगतो आणि बारीक रेघ जवळजवळ तेवढीच राहते, त्यामुळे दोहोंमधला फरक साध्या वजनापेक्षा ठळक वजनात कितीतरी अधिक होतो. ठळक अक्षर म्हणजे मजबूत अक्षर, हा सर्वसाधारण समज इथे उलटा ठरतो. काही अक्षरे तर मुळातच नाजूक असतात. मोठ्या ‘एन’चे दोन्ही उभे दंड बारीक असतात आणि फक्त तिरकी रेघ जाड असते, बारीक रेघा उडाल्या की उरतो तो एक तिरका पट्टा. मोठ्या ‘एच’ची आडवी रेघ गेली तर दोन सुटे खांब उरतात. आपल्या पेढीच्या नावात अशी अक्षरे असतील तर बोधचिन्हाचा कच्चा आराखडा आधी त्या अक्षरांपुरता तपासावा.

आता मोजमाप. कुठल्याही रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये फॉन्टचे एक अक्षर १०० पॉइंटात लिहा, त्याच्या बाह्यरेषा करून घ्या आणि सर्वांत बारीक आडवी रेघ पॉइंटात मोजा. जो आकडा येईल ती अक्षराच्या मापाची टक्केवारी झाली. मोठ्या मथळ्यांसाठी काढलेल्या अशा फॉन्टमध्ये ती २ टक्क्यांच्या आसपास सापडणे नेहमीचे आहे. एक पॉइंट म्हणजे ०.३५३ मिलिमीटर. तेव्हा ७२ पॉइंटाच्या मथळ्यात ही रेघ सुमारे अर्धा मिलिमीटर असते आणि तिला कशाचेच भय नसते. १२ पॉइंटात ती ०.०८५ मिलिमीटर होते. माहितीपत्रकाच्या ९ पॉइंटाच्या मजकुरात ती जेमतेम ०.०६ मिलिमीटर उरते, म्हणजे पाव पॉइंटाहूनही बारीक. पाव पॉइंटाखालची रेघ देऊ नका असे बहुतेक ऑफसेट छापणारे सांगतात ते उगाच नाही. अशा मजकुरात आडव्या रेघा फिकट होतात, काळे उभे दंड तेवढे दिसतात आणि ओळ वाचण्याऐवजी डोळ्यांपुढे नुसती चमचमते.

रंगाने हे प्रकरण आणखी नाजूक होते, आणि सराफांच्या माहितीपत्रकात तर सोनेरी, मरून किंवा तपकिरी रंग असतोच. निव्वळ काळ्या शाईत रेघ सलग छापली जाते. पण चार रंगांच्या मिश्रणातून केलेला तपकिरी रंग ठिपक्यांच्या जाळीतून उतरतो. दर इंचाला १५० ओळींच्या जाळीत एका ठिपक्याचे घर ०.१७ मिलिमीटरचे असते, आणि २४ पॉइंटाच्या मथळ्यातली आपली बारीक रेघही नेमकी तेवढीच असते. म्हणजे रेघ सलग न छापता ठिपक्यांची तुटक माळ होते, आणि चारपैकी एक रंग किंचित सरकला तर तिच्या कडेला भलत्याच रंगाची झाक दिसते. म्हणून रंगीत मथळा हवा असेल तर तो स्वतंत्र शाईत, म्हणजे ज्याला छापखान्यात स्पेशल कलर म्हणतात त्यात छापावा. गडद पार्श्वभूमीवर पांढरे अक्षर, म्हणजे रिव्हर्स, देताना आणखी एक गोष्ट घडते. कागदावर शाई थोडी पसरतेच. काळ्या अक्षरात त्यामुळे बारीक रेघ किंचित जाड होते, जे आपल्या पथ्यावर पडते. रिव्हर्समध्ये मात्र भोवतालची शाई त्या पांढऱ्या रेघेवर दोन्ही बाजूंनी चढते आणि ती बुजते. डब्यांवर सोनेरी फॉइल लावताना मी अर्ध्या पॉइंटाखाली जात नाही, आणि खरबरीत किंवा कापडी पोताच्या डबीवर त्याच्या दुप्पट जाडी धरतो.

यावर अनेक ठिकाणी एक घरगुती उपाय केला जातो: अक्षराला बाहेरून त्याच रंगाची किनार, म्हणजे स्ट्रोक, द्यायची. तो टाळावा. किनार बारीक रेघेला लागते तशीच जाड दंडालाही लागते. आतल्या फटी मिटतात, टोकदार कोपरे बोथट होतात आणि ज्या डौलासाठी हा फॉन्ट घेतला तोच जातो. खरा उपाय फॉन्ट बनवणाऱ्यांनी करून ठेवलेला आहे. धातूचे खिळे जुळवून छापण्याच्या काळात प्रत्येक आकाराचा साचा वेगळा कोरला जाई आणि लहान खिळ्यात बारीक रेघ प्रमाणाने जाड ठेवली जाई. संगणकावर एकच आराखडा हवा तसा लहानमोठा होऊ लागल्यावर ही रीत काही काळ मागे पडली आणि बोडोनीची बदनामी झाली ती मुख्यतः त्यामुळे. जोनाथन हॉफलर यांनी हार्पर्स बझार या फॅशन मासिकासाठी काढलेल्या दिदो फॉन्टमध्ये ६ पॉइंटांपासून ९६ पॉइंटांपर्यंत सात वेगवेगळे आराखडे आहेत. १९९४च्या आयटीसी बोडोनीत ६, १२ आणि ७२ असे तीन आहेत. मुक्त परवान्याच्या ‘बोडोनी मोडा’ या फॉन्टमध्ये ६ ते ९६ पॉइंटांमधले कोणतेही माप सलग निवडता येते. खर्चाचा प्रश्न असेल तर मी हा शेवटचा सुचवीन. उपशीर्षकांना १४ पॉइंटात बोडोनीच हवा असा आग्रह असेल तर त्याच मापाचा आराखडा लावावा, मथळ्याचा आराखडा लहान करून वापरू नये.

अक्षरांमधल्या अंतराबद्दल थोडक्यात सांगतो. मोठ्या मथळ्यात ते थोडे कमी करावे, म्हणजे दोन अक्षरांमधली पांढरी फट अक्षराच्या आतल्या फटीशी जुळते. शेजारच्या अक्षरांच्या टोकांच्या पट्ट्या एकमेकींना भिडत असतील तर पूर्ण भिडू द्याव्यात किंवा स्पष्ट दूर ठेवाव्यात. निसटता स्पर्श छपाईत डागासारखा दिसतो.

मराठीचे उत्तर मुद्दाम सविस्तर देतो. महाराष्ट्रातल्या दुकाने व आस्थापनांच्या कायद्यात २०२२मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार पाटीवर मराठी नाव देवनागरीत असावे लागते आणि त्याची अक्षरे इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असून चालत नाहीत. तेव्हा आपल्या पेढीची खरी ओळख रस्त्यावर देवनागरीतच उभी राहणार आहे. आता अडचण अशी की बोडोनीचे तर्कशास्त्र देवनागरीला सरळ लावता येत नाही. देवनागरीचा बोरू रोमनच्या उलट बाजूला तिरपा कापतात आणि साधारण ४५ अंशात धरतात. त्यामुळे शिरोरेषा आणि काना दोन्ही जवळजवळ सारख्या जाडीचे येतात, आणि बारीकपणा येतो तो तिरकस वळणांत, गाठीपाशी व जोडाच्या जागी. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याच्या खिळ्यांत हा जाड-बारीकपणा फार देखणा उतरला आहे. बोडोनीचा नियम म्हणतो, आडवे ते सगळे बारीक. तो देवनागरीला लावला की पहिला घाव शिरोरेषेवर पडतो, आणि शिरोरेषा तर शब्दाला धरून ठेवणारी रेघ आहे.

‘मंगळसूत्र’ हा आपल्या धंद्यातलाच शब्द घेऊ. ‘म’ची डावी रेघ आणि काना, ‘ग’ची डावी रेघ आणि काना, असे चार जाड दंड लागोपाठ येतात आणि शब्दाच्या सुरुवातीला काळे कुंपण उभे राहते. लगेच येणाऱ्या ‘ळ’ला काना नाही, त्याच्या दोन वाटोळ्या पोटांना वजन कुठे द्यायचे हा प्रश्नच असतो, आणि वजन नीट दिले नाही तर तिथे पांढरे भगदाड पडते. ‘सू’चा उकार बारीक जोडाने खाली लोंबतो, तो जोड छपाईत उडाला तर उकार सुटा पडतो. ‘त्र’मधली तिरकी रेघ बोडोनीच्या हिशेबाने बारीक, पण ती गेली तर अक्षरच गेले. अनुस्वाराचा ठिपका दंडाच्या तोलाचा हवा, नाहीतर तो कागदावरच्या कचऱ्यासारखा दिसतो. जोडाक्षरांत उंचीची चैनही राहत नाही, कारण ‘द्ध’ किंवा ‘ट्ठ’ एकाखाली एक रचले जातात. रोमनमध्ये जी उंची फुकट मोकळी मिळत होती ती इथे आधीच खर्ची पडलेली असते.

तरीही मोठ्या जाड-बारीक फरकाची देवनागरी चांगली होऊ शकते. इंडियन टाइप फाउंड्रीचा रोझा वन हा मुक्त परवान्याचा, एकाच वजनाचा फॉन्ट देवनागरी आणि रोमन दोन्हींत आहे आणि तो मथळ्यांसाठीच काढलेला आहे. दोन्ही लिप्या एकाच फाउंड्रीतून आल्यामुळे त्या शेजारी शेजारी परक्या वाटत नाहीत. माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठाला किंवा जाहिरातीच्या मोठ्या ओळीला तो वापरून पाहावा. मात्र कोणताही देवनागरी फॉन्ट घेताना ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात की हिंदी वळणाचे, हे आधी लिहून पाहावे. मजकुराला ‘तिरो देवनागरी मराठी’ हा फॉन्ट सुचवतो. त्यात बोरूचा जाड-बारीकपणा बेताचा आहे आणि ‘ल’, ‘श’ आपल्या वळणाचे आहेत. सॉफ्टवेअरचे खोटे ठळक करण्याचे बटण देवनागरीवर वापरू नये, आणि रोमनला दिलेले वाढीव अंतर देवनागरीला देऊ नये, कारण शिरोरेषा तुटते.

बोधचिन्हासाठी मात्र फॉन्टवर थांबू नका. पेढीचे नाव हा चार-सहा अक्षरांचा शब्द असतो आणि तेवढी अक्षरे हातानेच काढून घ्यावीत. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली शीर्षके पाहिली तर शब्दागणिक वजन कसे वाटायचे, कुठली रेघ जाड ठेवून कुठली आवळायची, हे ध्यानात येते. आपल्या अक्षरकाराला मी इतकेच सांगेन की शिरोरेषा काही प्रमाणात जाड राहू द्या, फरक तिरकस वळणांत आणा, आणि रोमनशी नाते टोकांच्या काटेकोरपणातून व काळेपणाच्या एकूण तोलातून जुळवा. रोमनमधले वाटोळे ठिपके आणि पट्ट्या देवनागरीला चिकटवल्या की ती वेशभूषा वाटते.

पाटीचा हिशेबही बारीक रेघेवरूनच करावा. रोमन अक्षर एक फूट उंचीचे केले तर २ टक्क्यांच्या हिशेबाने त्याची बारीक रेघ सुमारे ९ मिलिमीटर येते (टक्केवारी फॉन्टच्या मापाची आहे, आणि ते माप मोठ्या अक्षराच्या उंचीहून बरेच जास्त असते). सर्वसाधारण दृष्टीला ३० मीटरवरून ओळखू येणारा सर्वांत लहान तपशील साधारण तेवढाच असतो. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यासारख्या ठिकाणी समोरच्या पदपथावरून पाटी वाचायची असेल तर अंतर याहून बरेच कमी पडते आणि अक्षर पूर्ण दिसते. रुंद रस्त्यावर, उड्डाणपुलाच्या पलीकडून किंवा धावत्या गाडीतून मात्र रेघा विरतात आणि नुसते खांब उरतात. शिवाय आतून उजळणारी अक्षरे करायची असतील तर ९ मिलिमीटरच्या रेघेत दोन्ही भिंती वगळून एलईडीला जागाच उरत नाही. तिथे बारीक रेघ ४ ते ५ टक्क्यांपर्यंत जाड केलेली वेगळी आवृत्ती काढून घ्यावी, किंवा अक्षरांमागून भिंतीवर उजेड पाडावा. पितळी पत्र्यातून कापलेली अक्षरे दिवसा फार सुंदर दिसतात. अ‍ॅक्रिलिकची मात्र बारीक रेघेपाशी तडकतात.

संकेतस्थळावर ४८ पिक्सेलच्या मथळ्यात ही रेघ जेमतेम एक पिक्सेल भरते आणि १६ पिक्सेलच्या मजकुरात पिक्सेलच्या तिसऱ्या हिश्शाइतकी होते, म्हणजे साध्या पडद्यावर ती करडी धूसर दिसते. दाट पिक्सेलच्या फोनवर चित्र सुधारते. तरी ३२ पिक्सेलखाली हा फॉन्ट मी लावत नाही.

शेवटचा विषय आकड्यांचा, आणि सराफी धंद्यात तो सर्वांत महत्त्वाचा. बोडोनीचे आकडे मोठ्या मापात देखणे असतात. जाहिरातीतल्या दराला किंवा पेढीच्या स्थापनेच्या सालाला ते खुशाल वापरावेत. लहान मापात मात्र रोमन तीन, पाच, सहा, आठ आणि नऊ यांच्यातला फरक नेमका बारीक वळणांनीच दाखवलेला असतो, आणि ती वळणे उडाली की आठ आणि सहा सारखेच दिसतात. बिल छापणाऱ्या साध्या थर्मल यंत्राचा एक ठिपका ०.१२५ मिलिमीटरचा असतो, त्याहून बारीक रेघ त्यावर येतच नाही. तेव्हा दागिन्याला दोऱ्याने अडकवलेली चिठ्ठी, बिल, वजन, कॅरेट, घडणावळ आणि हॉलमार्कची माहिती या सगळ्यांसाठी एकसारख्या जाडीचा, आकडे समान रुंदीचे असलेला साधा फॉन्ट घ्यावा, उदाहरणार्थ ‘एक टाइप’ या फाउंड्रीचा ‘मुक्ता’. त्यात देवनागरी आणि रोमन दोन्ही आकडे आहेत, आणि ६ पॉइंटातही ग्राहकाला चष्मा पुसावा लागत नाही.